कडवे म्हणू दिले नाही

जबाब
दि. १३ डिसेंबर २०१७

मी, श्रीमती सत्यभामा शांतवन उबाळे, वय ६६ वर्षे, शिक्षण बी.ए., बी.एड., निवृत्त शिक्षिका, धर्म ख्रिस्ती, राहणार मौजे पळसवाडी, उंद्रीजवळ, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ते असे.

मी वरील ठिकाणी मुलगा रत्नाकर व सून कोकिळा यांच्यासह राहते. रत्नाकर उंद्री ते चिखली जीप चालवतो. कोकिळा, वय २७, हिचे माहेर धाड गावचे. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये हलगी वाजवीत. ती गाते. गाणे कुठे शिकलेली नाही. गावात आमचे लहान चर्च आहे. त्याच्या पंचकमिटीची मी चिटणीस आहे.

दोन वर्षांपूर्वी कोकिळाने एक गाणे रचले. बी पेरणाऱ्याचा दाखला बायबलमध्ये आहे, त्यावरून. त्याचे धृपद असे:

पेरा रे पेरा, अविनाशी बी पेरा,
एका दाण्याचे शंभर भरा.

पुढे कडवी आहेत. पहिले कडवे "येशू माझा पेरणारा, काळजात काढतो सऱ्या" असे सुरू होते. धृपदात देवाचे नाव नाही, कडव्यात आहे. हा फरक पुढील हकिकतीसाठी लक्षात घ्यावा.

गाण्याची चाल वरातीतील हलगीची आहे. मी तिला सांगितले, ही चाल उपासनेत चालणार नाही. ती म्हणाली, "आई, लोकं उठून नाचतीन." मी म्हटले, "चर्चमध्ये लोक बसायला येतात." त्यानंतर कमिटीने ठराव केला की, उपासनेत गीतपुस्तकातील गाणीच म्हटली जातील आणि उपासनेचे रेकॉर्डिंग कोणी करणार नाही. ठराव मी मांडला होता.

कोकिळाने मला न सांगता चिखली येथे मोईज नावाच्या साउंडवाल्याच्या दुकानात जाऊन गाणे रेकॉर्ड केले. मोईजने त्याला मोठा ठोका लावला. त्याच्याच साउंडवरून ते गाणे लग्नांत गेले. हिंदू, बौद्ध, मुसलमान, सर्वांच्या वरातीत वाजले. कोकिळा रस्त्यावर उभी राहून ऐकत असे. मला म्हणाली, "आई, आपलं गाणं सगळ्यायच्या लग्नात वाजते." मी विचारले, "ज्याचं नाव त्यात आहे, तोही नाचतो का वरातीत?"

या वर्षी उन्हाळ्यात आमचे शेजारी पंजाबराव यांची मुलगी छकुली हिचे लग्न झाले. आमचा बांध त्यांच्या बांधाला लागून आहे. छकुलीची आई वच्छलाबाई हिने मोईजला स्वतः सांगून ते गाणे लावायला लावले व त्यावर नाचली. कोकिळाला हाताला धरून मधे ओढले. "माही विहीण नाचत नाही, तू तं नाच वं," असे म्हणाली. मी ते पाहिले आहे.

त्या लग्नाला चिखलीचे बियाणे दुकानदार दीपक तुळशीराम ठेंग आले होते. त्यांच्याकडे त्या हंगामात "अविनाशी" नावाचे बीटी कापसाचे बियाणे विक्रीला होते. त्यांनी मोईजकडून गाणे घेतले, कडवी काढून टाकली, धृपद तेवढे ठेवले. धृपद संपले की एक माणूस ओरडतो, "अविनाशी बीटी, अळीची कायमची सुट्टी!" आणि पुन्हा धृपद. हे भोंग्याच्या गाडीवर लावून पेरणीपूर्वी गावोगाव फिरवले. पळसवाडीला गाडी पारासमोर उभी राहत असे. कोकिळाला कोणी विचारले नव्हते.

मी तिला घेऊन ठेंग यांच्या दुकानात गेले. ते माझे विद्यार्थी आहेत. ते म्हणाले, "बाई, एक शबुद जरी बदलला असंन तं दाखवा. उलट तुमच्या धर्माचा फुकटात प्रचार होऊन राह्यला." गिऱ्हाइके हसली. कोकिळा म्हणाली, "दादा, कडवं तरी राहू द्या." ते म्हणाले, "कडव्यात कापूस कुठी हाय?"

पळसवाडीत बहुतेकांनी तेच बियाणे पेरले. पंजाबरावांनी सर्व शेतात पेरले. ऑक्टोबरनंतर बोंडात गुलाबी अळी निघाली. बोंडे न उमलता वाळली. वेचणीला बाया गेल्या, त्यांची बोटे सोलली आणि कापूस निघाला नाही. आमचे तसेच झाले. ते मी येथे सांगत नाही, कारण विषय तो नाही.

दिनांक १० डिसेंबर, रविवार. ठेंग यांनी गावात निरोप दिला होता की, सकाळी कंपनीच्या माणसाला गाडीतून घेऊन येतो, किडकी बोंडे दाखवायला आणून ठेवा. लोक पारावर पोती घेऊन बसले होते. दुपार झाली तरी ठेंग आले नाहीत.

त्याच दिवशी चर्चमध्ये कापणीचा सण होता. ज्यांच्याकडे जे होते, ते त्यांनी आणले होते. कणसे, भोपळे, एक कोंबडी. तरुणांनी कमिटीकडे कोकिळाचे गाणे मागितले. मी नाही म्हटले. बाकीचे हो म्हणाले. भोंगा चर्चच्या छपरावर आहे. पारावर आवाज जातो.

कोकिळाने धृपद म्हटले, ते पारावर ऐकू गेले. लोकांना वाटले, ठेंग यांची गाडी आली. ते पोती घेऊन आवाजाच्या दिशेने निघाले. आत आलेल्यांमध्ये पंजाबराव सर्वांत पुढे होते. हातात रॉकेलचा डबा होता. तो गाडीसाठी होता, असे मला वाटते. चर्चमध्ये त्यांनी तो वापरला नाही, दाराशी ठेवला.

पंजाबराव म्हणाले, "गाडी कुठी हाय?"

मी म्हटले, "गाडी नाही. हे चर्च आहे. उपासना सुरू आहे. बाहेर व्हा."

"मंग हे काय वाजून राह्यलं, बाई?"

तेवढ्यात त्यांचा पुतण्या कोकिळाकडे बोट करून म्हणाला, "काका, थेच हाय. आवाज थोच हाय बे! गाडीतली बाई हेच!"

कोकिळाच्या हातात माइक होता. ती म्हणाली, "काका, हे देवाचं गाणं हाय. मी बियाणं नाही इकत." कोणीतरी मागून म्हणाले, "देव बी थ्याच दुकानातला हाय का तुह्या?" सर्व हसले.

ती म्हणाली, "कडवं आयका. कडव्यात हाय नाव."

पंजाबराव म्हणाले, "म्हण."

तिने धृपद म्हटले. धृपद संपून कडव्यासाठी श्वास घेतला, तेव्हा त्यांनी तिचा जबडा धरला आणि वच्छलाबाईने पोत्यातील एक बोंड तिच्या तोंडात घातले. वच्छलाबाई म्हणाली, "तुह्याच तोंडानं सांगतलं होतं ना वं, एकाचे शंभर? घे. हे एक." मग पंजाबराव म्हणाले, "पुन्यांदा म्हण. पयल्यापासून."

तिने बोंड थुंकले व पुन्हा पहिल्यापासून म्हटले. याप्रमाणे किती वेळा झाले, ते मी मोजले नाही. प्रत्येक वेळी धृपद पूर्ण होऊ देत. प्रत्येक वेळी कडव्याआधी थांबवीत. नंतर थुंकू दिले नाही. त्यांच्यातील काही तरुण वरातीत नाचतात तसे नाचले. एकाने भोपळा हलगीसारखा वाजवला. पुतण्या मोबाइल वर धरून उभा होता. "आवाज दबून राह्यला, माइक जवळ घे वं," असे तो तिला सांगत होता.

वाळलेल्या बोंडाचे टरफल टोकदार असते. शेवटी तिच्या तोंडातून गाणे आले नाही, रक्त आले. वच्छलाबाईने हात मागे घेतला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "चाला आता." सर्व गेले. जाताना पंजाबरावांनी रॉकेलचा डबा आठवणीने नेला. दाराशी त्यांनी पायताणे काढून ठेवली होती, तीही घातली.

या वेळी मी भोंग्याच्या मशीनजवळ होते. दोन माणसांनी माझे दंड धरले होते. पुढे सोडले. मशीनचे बटण माझ्या हाताशी होते. मी ते बंद केले नाही. आत जे चालले होते, ते सबंध गावाला ऐकू जात होते आणि ऐकू जावे असे मला वाटले. कोणी आले नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतील लोक मागच्या दाराने निघून गेले होते. ते कोण, हे मला माहीत आहे. आपण काही पाहिले नाही, असे ते सांगतात. म्हणून त्यांची नावे घालण्याचे कारण नाही.

रत्नाकर जीप घेऊन आला. आम्ही कोकिळाला बुलढाण्याला दवाखान्यात नेले. घशातून टरफलाचे तुकडे काढले. टोक स्वरयंत्रात गेले होते, असे डॉक्टर म्हणाले. रत्नाकरने विचारले, "साहेब, आवाज?" डॉक्टर म्हणाले, "बोलता येईल. गाण्याचे आत्ता विचारू नका." कोकिळा जागी होती. तिने ते ऐकले.

काल ठेंग फळे घेऊन दवाखान्यात आले. मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, हा तुमच्या धर्मावरचा हल्ला हाय. तसंच लिहून द्या, मी सोता साक्षीले उभा राह्यतो. फक्त बियाण्याचं मधात आणू नका." कोकिळाला गिळता येत नाही. फळे परत दिली.

हल्ला धर्मावरून झाला का, असे मला येथेही विचारण्यात आले. नाही. धर्मावरून असता, तर त्यांनी कडवे ऐकून घेतले असते. पंजाबराव आणि वच्छलाबाई यांना आमच्या धर्माशी कधी देणेघेणे नव्हते. ते आमच्याकडे नाताळाला जेवतात.

मोईज यांना मी फोन केला होता. मूळ गाणे पुसले गेले, धृपदाचा तुकडा तेवढा आहे, असे ते म्हणाले. ते रडले. त्याचा उपयोग नाही. चर्चजवळ रेकॉर्डिंग नाही, त्याचे कारण वर सांगितले आहे. गाण्याची चाल उपासनेस योग्य नव्हती, हे माझे मत कायम आहे.

पंजाबरावांच्या पुतण्याने केलेली चित्रफीत गावात फिरत आहे. ती माझ्या मोबाइलवरही आली. ती हजर करीत आहे. माझी विनंती आहे की, ती पुरावा म्हणून घेतल्यावर कोणत्याही कारणाने पुसली जाऊ नये आणि काम संपल्यावर आम्हाला परत मिळावी. तीत एका वेळी वच्छलाबाईचा हात पोत्यात अडकला आहे. तेवढ्यात कोकिळा कडव्याचा पहिला शब्द म्हणते. पुढचे ऐकू येत नाही. तिच्या आवाजात ते कडवे आता एवढेच आहे.

पंजाबराव, वच्छलाबाई, त्यांचा पुतण्या आणि दीपक तुळशीराम ठेंग, या चौघांविरुद्ध माझी तक्रार आहे. ठेंग तेथे नव्हते, असे मला सांगण्यात आले. ते मला माहीत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी "गाणे" याऐवजी "बियाण्याची जाहिरात" असे लिहिले होते. लिहिणारे म्हणाले, "बाई, सगळे तसंच म्हणतात, म्हणून लिहिल्या गेलं." मी तिन्ही ठिकाणी खोडायला लावले, वर "गाणे" असे लिहवून घेतले आणि प्रत्येक खोडीशेजारी माझी सही केली. आता मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(सही)
सत्यभामा शांतवन उबाळे