शिवलिंगप्पांची दीड भाकरी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज सेवानिवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती श्री. शिवलिंगप्पा, आणि सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातील माझ्या सहकारी बंधूंनो,

हेडक्लार्क म्हणून दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. गुणगान इतरांनी केले, मी घडलेलेच सांगतो.

सन चौसष्टची गोष्ट. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी आपल्या ऑफिसातल्या दोघांना बाजूला काढले. ब्याण्णव किलोंचे शिवलिंगप्पा आणि पंच्याण्णव किलोंचे मुकुंदराव. दोघांचाही रक्तदाब वाढलेला. वजन उतरवा, असे सांगून डॉक्टर गेले.

मुकुंदरावांच्या मुलीचे, दुर्गेचे लग्न पाच महिन्यांवर होते. त्यांनी एक वेळचे जेवण सोडले आणि लग्नापर्यंत अठरा किलो उतरवले. मी सर्वांदेखत त्यांना हार घातला. शिवलिंगप्पांचे तोवर पाचच उतरले होते. दीड भाकरी, भाजी, ताक. घरून ऑफिसला पायी. दर सोमवारी पार्सलच्या वजनकाट्यावर उभे राहायचे. मी त्यांची चेष्टा करी. लग्नकार्यात ते पोटभर जेवत, पण दुसऱ्या दिवशी उपास नाही की हळहळ नाही. पुन्हा दीड भाकरी.

लग्नाच्या पंगतीत मुकुंदराव नको म्हणत होते. मीच त्यांच्या पानात जिलेबी वाढली. म्हणालो, "झालं की आता लग्न, खा." ते हसले आणि जेवले. मग रोजच जेवू लागले. दोन वर्षांत शंभराच्या घरात गेले. पुढे तर काट्याच्या बाजूने येणेच त्यांनी सोडले. मागच्या दाराने ऑफिसात येत. आम्ही पाहत होतो. कोणी काही बोललो का? एकोणसत्तर साली स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना ते कोसळले. वय एकोणपन्नास.

शिवलिंगप्पा तोवर चौऱ्याहत्तरवर येऊन तिथेच टिकले होते. मुकुंदरावांच्या तेराव्याहून परतताना मी त्यांना विचारले, तुम्हाला हे कसे जमले?  चालता चालता ते म्हणाले, "मुकुंदाला तारीख हुती, साहेब. मला न्हाय. उद्या बी हेच जेवायचं हाय, एवढंच मला ठावं."

अध्यक्षमहाराज, इथेच थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण गेल्या श्रावणात शिवलिंगप्पांच्या पत्नी, शरणम्मा वहिनी गेल्या. सत्कारमूर्तींची क्षमा मागून हे बोलतो. बारा वर्षे त्यांच्याबरोबर वहिनीही मोजकेच जेवल्या. यांनी एकट्याने जेवण मोजू नये म्हणून, असे त्या माझ्या घरी सांगत. त्या गेल्या आणि यांचा डबा बंद झाला. चार महिन्यांत चौऱ्याहत्तरचे एकसष्ट किलो झाले. सोमवारी काट्यावर उभे राहत, आकडा बघत आणि मुकाट्याने खाली उतरत. मला मुकुंदराव आठवले. या खेपेला मी गप्प राहिलो नाही. म्हणालो, शिवलिंगप्पा, हाही आजारच आहे.

 आठवड्याने दुपारी साडेबाराला त्यांनी भाकरीचे फडके सोडले. स्वतः थापलेल्या भाकरी होत्या, कडेने करपलेल्या. मी आनंदाने विचारले, भूक लागली वाटते?

"भूक न्हाय," ते म्हणाले. "येळ झाली."

आणि दीड भाकरी खाल्ली. एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होते. मी समोर बसून होतो. मला काही खाता आले नाही. त्या दिवसापासून एकही दुपार त्यांनी चुकवलेली नाही. आज चौसष्ट किलो आहेत. चेहऱ्यावर हसू मात्र आलेले नाही, आणि ते यावे असा हट्ट मी धरणार नाही.

उद्या ते आपल्या गावी, वळसंगला जातील. तिथे घर आहे, घरात कोणी नाही. त्या बाजूला कोणाचे जाणे झाले तर एक विनंती आहे. दुपारी जा, आपली भाकरी घेऊन जा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल, शेजारी बसून जेवा.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी आभारी आहे. या प्रसंगाला न शोभणारे काही बोलून गेलो असेन, तर सभेने आणि विशेषतः शिवलिंगप्पांनी ते पोटात घालावे. मी रजा घेतो.