आरशावरची चार बोटं

दातांच्या दवाखान्यात मास्तर गाल धरून नंबराची वाट बघत होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या, आणि मास्तरांचे कान काही दुखत नव्हते.

"चोरी झाली ना ताई, तेव्हा ठसे घेणारी बाई आली. तिने खोलीत अंधार केला आणि आरशावर दिवा तिरका धरला."

"मग?"

"बोटंच बोटं दिसायला लागली! माझे नि ह्यांचे ठसे तिने आधीच घेतले होते, ते वगळले. तरी अगदी वरच्या कोपऱ्यात चार बोटं उरली. म्हणाली, चोर चांगलाच उंच दिसतोय."

"अगं बाई! सापडला का मेला?"

"चोर कसला! भांग पाडताना तिथेच हात टेकायचा तो."

"तुझा बाळ्या?"

"त्याला जाऊन तीन वर्षं झाली. आरसा मी रोज पुसते गं, पण माझा हात तिथवर पोचतच नाही."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. ती दिवा विझवेना. मग म्हणाली, साधी बॅटरी तिरकी धरलीत तरी दिसतील."

"दिसतात?"

"सेल संपत आलेत, ताई. जाताना घ्यायचेत, आठवण कर."