वाढता वाढंना

वर्षाराणी : आत्ती, राजवीरची खिचडी कुठं ठेवलीसा? आत्ता केलती मी.

चिमणाबाई : म्हशीला घातली. सकाळपास्नं जुलाब चालल्यात नातवाला माझ्या, आणि तू खिचडी भरवायला निघालीस. पोटाला आराम दे की जरा.

वर्षाराणी : डॉक्टरबाईंनी तुमच्यादेखत सांगितलंय. ओआरएसचं पाणी पाजत ऱ्हावा, मऊ खायला घाला, उपाशी ठेवू नका.

चिमणाबाई : दात येत्यात त्याला. दात येताना पोट बिघडतंयच.

वर्षाराणी : पाडव्याला दात, बेंदराला दात, दसऱ्याला बी दातच? जरा कुठं अंग धरतंय, तवर जुलाब लागत्यात. मग तुमी नुसत्या भाताच्या निवळीवर ठेवतासा, आन कमावल्यालं सगळं जातंय. दोन वर्साचा झाला, तरी शेजारच्या मोनावैनींची पोरगी त्याच्यापरास थोराड दिसती. ती तर धाकटी हाय.

ऋतुराज : काय चाललंय? गोठ्यापतूर आवाज येतोय.

वर्षाराणी : तुमच्या आईला इचारा. मी पोराला घिऊन कळंब्याला माहेरी चाललो. हितं पंचायतीच्या बोअरच्या पाण्याला गटारीचा वास मारतोय. उकळायला ठेवलं की गॅस संपतोय म्हणून आत्ती बंद करत्यात. सांगून सांगून दमलो मी.

चिमणाबाई : जा की. म्या बी पोरं वाढवल्यात. ह्यो ऋतुराज ल्हानपणी कायम पोटानं बेजार. निवळीवरच ठेवायची. झाला का न्हाय मोठा?

वर्षाराणी : आता बोला की.

(ऋतुराज दुधाची किटली खाली ठेवतो.)

ऋतुराज : आई, पोलीस भरतीत मी कशानं बाद झालो, ठावं हाय तुला?

चिमणाबाई : पळताना मागं पडला आसशील.

ऋतुराज : पळायला लावलंच न्हाय. आधी उंची मोजली.

चिमणाबाई : उंची रक्तात असती.

ऋतुराज : मग मी बापावर का न्हाय गेलो? आण्णा आपल्या दारातनं वाकून यायचं.

चिमणाबाई : म्हंजे माझ्यामुळं व्हय रं?

ऋतुराज : तसं न्हाय म्हणत. माझं कशानं ऱ्हायलं, आता कोण सांगणार? पर ह्याचं अजून हातात हाय.

वर्षाराणी : आणि बोअरचं काय?

ऋतुराज : जातो पंचायतीत. परत भांडतो. तवर पाणी उकळूनच प्यायचं. तू कुकर लाव.

वर्षाराणी : लावतो. पर परत म्हशीला घालणार न्हाईसा न्हवं?

चिमणाबाई : खिचडी जरा मऊ, गरगटं कर. आन झालं की माझ्याकडं दे. माझ्या हातनं खातोय त्यो.