मागची बाजू

नणंद: वहिनी, हा केक जरा इकडे वळवू का?

वहिनी: हात लावू नकोस. आत्ता कुठे खिडकीचा उजेड नीट पडलाय. सकाळपासून जीव मेटाकुटीला आलाय माझा. तुझ्या भावाला फोटो काढायला सांगितलं, तर निम्म्या फोटोत त्याचा अंगठा.

नणंद: इतके फोटो काय करायचेत?

वहिनी: गिऱ्हाईक आधी काय मागतं? फोटो. पोर्टफोलिओ झाल्याशिवाय मी एकही ऑर्डर घेणार नाही.

नणंद: मी घेतली.

वहिनी: काय घेतलीस?

नणंद: ऑर्डर. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. काका आज निवृत्त झाले. त्यांना फोनवर हाच केक दाखवला. तासाभरात न्यायला येतायत.

वहिनी: मला न विचारता? शाबास. आत्ता जा आणि नाही म्हणून सांग.

नणंद: का? झालाय की सुंदर. हॉलच्या मधोमध टेबल मांडलंय त्यांनी, चहूबाजूंनी माणसं उभी राहणार.

(नणंद फिरतं स्टँड हळूच वळवते.)

नणंद: अगं बाई. वहिनी, मागे नुसता स्पंज आहे.

वहिनी: म्हणून म्हटलं, हात लावू नकोस.

नणंद: आणि गेल्या खेपेचा तो गुलाबी केक?

वहिनी: तोही. सगळेच. फोटोत मागचं कोण बघतं?

नणंद: म्हणून तू आतून फोडी करूनच बशा आणायचीस होय! वरून कीर्तन, आतून तमाशा.

वहिनी: हस, हस. क्रीमच्या फुलांची माळ पुढून काढत जाते, ती मागे येऊन जुळतच नाही. शेवटी बोटभर फट राहते. पूर्ण फूल मावत नाही, मोकळी सोडली तर डोळ्यात खुपते. खरवडून पुन्हा करायचं, पुन्हा तेच. कंटाळले मी, मागचं करणंच सोडलं. रडू येतं.

(दारात उभी राहून ऐकत असलेली सासू आत येते.)

सासू: मग रड आणि कामाला लाग. काकू येतील एवढ्यात.

वहिनी: आई, तुम्ही पण? लोक हसतील.

सासू: मी तुझी फट बघितली असती तर हसले असते का? बोटभर आहे म्हणतेस ना? फूल मावत नाही तर कळी बसव.

वहिनी: कळी?

सासू: सगळी फुलंच असतात का झाडाला?

नणंद: घे क्रीमची पिशवी. मी स्टँड फिरवते.

वहिनी: हळू. अजून हळू. क्रीम ढिलं पडलंय. थांब, फूल वाकडं गेलं.

सासू: जाऊ दे. पुढचं कर.

वहिनी: आली बघा फट. दर वेळी इथेच येते, मेली.

नणंद: कळी.

वहिनी: बोलू नकोस, हात हलतो.

(वहिनी फटीत कळी काढते.)

वहिनी: बसली?

सासू: आता कुठून सुरू केलंस ते सांग पाहू. मला काही कळत नाहीये.

नणंद: दाराची बेल. काकूच असणार. वहिनी, पटकन फोटो तरी काढते. कुठल्या बाजूने काढू?

वहिनी: काढ कुठूनही.