पाच फडं

(होटगीच्या वाटेवरचं एक शेत. उन्हाळ्यातली सकाळ. सोलापूरहून सायकलीवर आलेला शेतकी खात्याचा कमलाकर, शेताच्या मालकीण दगडाबाई आणि त्यांचा धाकटा दीर कोंडीबा निवडुंगाच्या जाळीपाशी उभे आहेत. कमलाकरजवळ झाकलेली पाटी.)

कमलाकर : ही राख आहे, कोंडीबा. वाऱ्यानं उडून आलेली राख अशी बसत नाही. कुणीतरी हातानं टाकली आहे.

कोंडीबा : मग म्या टाकली म्हंता का काय?

कमलाकर : मी कुणाचंच नाव घेत नाही. मी एवढंच म्हणतो, की दिवाळीनंतर मी स्वतः इथं किडे लावून गेलो होतो. पानावर कापसासारखे पांढरे पुंजके, आठवतं ना? त्याच दिवशी शेजारी मानसिंगांच्या बांधावर लावले. तिथला निवडुंग कुजून आडवा झाला. आणि इथं बघा. हिरवागार. वर बोंडंसुद्धा धरली आहेत.

कोंडीबा : त्येच तर दुखतंय, साहेब. मानसिंगनं औत बी घातलं. आमचं दोन एकर ह्या काट्यानं माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. बैल लंगडं झालं, शेरडांची तोंडं सुजली. तोडावं म्हणलं तर तुटलेलं फडं जितं पडंल तितं मूळ धरतंय. चार वर्सं कुऱ्हाड चालवली, तर दुप्पट वाढलं.

कमलाकर : तोडायचा नसतोच तो. म्हणून तर किडा. साहेब परवा पाहणीला येणार आहेत, आणि मी त्यांना काय दाखवू? राख?

दगडाबाई : राख मी टाकली.

कोंडीबा : वैनी!

दगडाबाई : चुलीतली. रोज टोपलंभर. किडं जितं बसल्यालं दिसायचं तितं उधळायची. कडुनिंबाचा पाला उकळून त्येचं पानी बी शिपडलं.

कमलाकर : अहो बाई, तुम्हाला तो रोग वाटला का? मी चावडीवर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

दगडाबाई : मी हुते की तितं. पार शेवटाला बसले हुते. समदं कळलं मला.

कमलाकर : मग भीती वाटली असेल. निवडुंग संपल्यावर तो ज्वारीवर बसेल, अशी. बऱ्याच जणांना वाटते. असं आहे, की आम्ही त्याला बाटलीत कोंडून ज्वारी दिली, तूर दिली, कापूस दिला. उपाशी मेला, पण तोंड लावलं नाही. निवडुंगाशिवाय तो काही खात नाही.

दगडाबाई : ज्वारीची काळजी न्हाय मला.

कोंडीबा : मग कशाची हाय? गावात मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाय. पुरात फडं वाहून गेली, खालच्या वस्तीवर रुजली. पाखरं बोंडं खात्यात, बी कुटं कुटं टाकत्यात. लोक त्येला तुमच्या नावानं वळकत्यात. दगडाबाईचा निवडुंग म्हंत्यात!

दगडाबाई : खरंच म्हंत्यात. माझाच हाय त्यो.

कोंडीबा : डोकं फिरलंय का, वैनी?

दगडाबाई : भावजी, मानमोडीच्या सालाला तुमी कुटं हुता?

कोंडीबा : सोलापुरात. गिरणीत. तुमाला ठावं हाय की. धा दिसांनी निरोप पोचला. आलो तवा म्हातारी गेल्याली आन् मुक्ता बी.

दगडाबाई : साहेब, तुमी तवा ल्हान असाल. ताप यायचा, अन् तीन दिसांत माणूस जायचं. घरात चौघं हातरुणाला खिळल्याली, आमचं मालक बी. सकाळच्याला सासू गेली. तिला चार माणसं मिळाली कशीबशी. दिवस कलायच्या आत माझी पोर, मुक्ता, गेली. तिला कोन मिळना. लोकांच्या घरात बी त्येच चाललं हुतं.

कमलाकर : किती वर्षांची होती?

दगडाबाई : तिसरं लागलं हुतं. ल्हान पोर जाळत न्हाईत, पुरत्यात. मी एकली आले हितं. माझ्या बी अंगात ताप हुता. खुरप्यानं उकरलं. गुडघ्याएवढंच झालं, हात चालंनात. माती लोटली आन् मग ध्येनात आलं, ह्ये उथळ हाय, रातीला कोल्ही उकरतील. वर काटं घालायची रीत हाय आमच्यात. बाभळीची फांदी घालत्यात.

कोंडीबा : घालत्यात की. बाभूळ वड्याला हाय.

दगडाबाई : वड्यापतुर जायाला पायांत बळ न्हवतं, भावजी. आन् हातात कुऱ्हाड बी न्हवती. बांधाच्या कडंला तवा एकच निवडुंगाचं झाड हुतं, माझ्या कमरंएवढं. पदर हाताला गुंडाळला आन् त्येचीच फडं मोडली. पाच. डोस्क्यापाशी एक, पायापाशी दोन, मधी दोन. सा महिन्यांनी आले तर पाची हिरवी झाल्याली. कोंब आल्यालं. मला तवा बरं वाटलं, साहेब. खोटं कशाला बोलू? कोल्ही आता येत न्हाईत म्हणलं.

कमलाकर : म्हणजे ही सगळी जाळी...

दगडाबाई : त्या पाचांची हाय.

कोंडीबा : मला तुमी वड्याकाठी पुरलं म्हणून सांगितलं हुतं. मी दरसालच्या आवसंला तितं निवद ठिवतो. सोळा वर्सं! कुणाच्या पोराला खायाला घालत हुतो मी?

दगडाबाई : कुनाच्या का असंना, खाल्लं आसंल. आधी लाज वाटली, की उथळ पुरली म्हणून. मग निवडुंग पसरला, लोक शिव्या द्यायला लागलं, तवा तर तोंडच उघडंना. आन् तुमी म्हणता औत घालायचं. ह्यो सारा वाळला, की तुमी बैल घेऊन येनार. नांगराला काय ठावं हितं कोन निजलंय? गुडघ्याएवढंच खोल हाय ओ. फाळ एक वीत जरी गेला...

कोंडीबा : माझ्याच औताखाली...

दगडाबाई : म्हणून राख टाकली.

कमलाकर : बाई, मला तुमच्याशी खोटं बोलवत नाही. आज मी ही पाटी उचलून परत जाईन. साहेबांना काहीतरी सांगेन. पण मानसिंगांच्या बांधावरची बारकी पिल्लं वाऱ्यानं उडून इथं येतायतच. राख किती दिवस पुरणार? पावसाळ्यात तुमची राख धुऊन जाईल, त्यांच्यातले थोडे धुऊन जातील. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतील. तो किडा आम्ही आणला खरा, पण आता तो आमच्या हातात नाही. परत बोलवता येत नाही त्याला.

दगडाबाई : माझं बी तसंच झालं की. पाचच ठिवली हुती.

कोंडीबा : वैनी, जागा ध्येनात हाय तुमच्या?

दगडाबाई : मधी, जितं सगळ्यात उंच वाढलाय, तितं. पन बारा वर्सं झाली, मला आत जाता आलं न्हाय. कोल्ह्यांला वाट मिळंना म्हणून ठिवली, आन् माजीच बंद झाली. ह्या बाजूनं हुबी ऱ्हाते आन् जाते. जत्रंत घेतल्याल्या हिरव्या बांगड्या हुत्या हातात, तशाच ठिवल्या मी.

कोंडीबा : माझ्याच गाठोड्यातनं आल्या हुत्या त्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रंतनं घेतल्या हुत्या मी. सैल झाल्या म्हणून रडली हुती.

दगडाबाई : रडली न्हवती. काढून देत न्हवती.

कोंडीबा : साहेब, ह्ये वाळाय लागलं तर किती दिस?

कमलाकर : आता ऊन कडक आहे. आज लावले तर दोन-तीन महिन्यांत पानं पिवळी पडतील, मग कुजून खाली बसतील. पण काटे तसेच उरतात, बरं का. वाळूनसुद्धा टोचतात. गोळा करून जाळावे लागतात.

कोंडीबा : ते मी येचीन. वैनी, ऐका माझं. त्येवढ्या जागंला औत उचलून घीन मी. चहूबाजूनं धोंडं लावीन, वर मातीचा ढीग करीन चांगला गुडघाभर, कोल्हं काय, वाघ बी उकरनार न्हाय. माझ्या माघारी माझी पोरं उचलून घेतील. सांगून ठिवीन त्येंना. मुक्ताआक्काची जागा म्हणून सांगीन.

दगडाबाई : तिला आक्का म्हणनारी पोरं झाली व्हय.

कोंडीबा : तीन हायती. तुमीच न्हाऊ घातल्याली.

दगडाबाई : मग तितपतुर चालत जाता यील मला?

कोंडीबा : यील की. काटा गावला तर माझ्या कानाखाली वाजवा.

कमलाकर : बाई, घाई नाही. मी परवा साहेबांना दुसरा बांध दाखवतो. तुम्ही मनाची तयारी झाली की निरोप धाडा.

दगडाबाई : परवा कशाला? त्या पाटीत काय हाय?

कमलाकर : किडे लागलेली पानं आहेत. सांभाळून, त्यांनाही काटे आहेत. कोंडीबा, धरा जरा. मी सांगतो कुठं कुठं ठेवायची ते.

दगडाबाई : ऱ्हाऊ द्या, भावजी. साहेब, आणा हिकडं ती पाटी. मागच्या बारीची पाच फडं बी मीच ठिवली हुती.