शेवटचा फणीवाला

थोरला : करवत उचल आणि पडद्यामागे जाऊन बस. गाडी चौकात आलीय, पाहुणे येतीलच एवढ्यात.

धाकटा : आज मी बाहेर बसणार, दादा. तुझ्या शेजारी.

थोरला : सकाळी सकाळी काय अंगात आलंय तुझ्या?

धाकटा : लाकूड तू तासतोस, दाते मी पाडतो. फणी दोघांची. मग पाटीवर तू एकटाच कसा?

थोरला : पाटी वाचता येते ना? ‘शेवटचा फणीवाला’. त्या गाईडबाई म्हणाल्या, शेवटचा एकच असतो. दोन शेवटचे कुठे बघितलेस का तू?

धाकटा : मग ‘शेवटचे दोघे’ लिहा.

थोरला : त्याला कुत्रं विचारणार नाही! एकटा म्हातारा, पांढरी दाढी, मागे कोणी नाही, हे बघायला लोक लांबून येतात. दोन भाऊ भांडताना तर त्यांच्या घरीही दिसतात.

धाकटा : मीपण दाढी वाढवतो.

थोरला : त्या तोंडावर? लोक भीक घालतील हातावर.

धाकटा : काल व्हिडिओवाल्यांसमोर ऐटीत दाते पाडायला बसलास. एकूण एक मोडलेस. वर म्हणालास, लाकूड ओलं आहे.

थोरला : टाळ्या पडल्या की नाही? मोडका तुकडासुद्धा एकीनं आठवण म्हणून मागून नेला.

धाकटा : आणि मी आत नाक दाबून बसलो होतो. फणी माझ्या हातची, आणि मलाच शिंकायची चोरी!

थोरला : मी गेलो की पाटी तुझीच. मग शिंक पोटभर.

धाकटा : म्हणजे तुझ्या मरणाची वाट बघू?

थोरला : बघ की. मी काही एवढ्यात जात नाही.

धाकटा : दादा, मला पाटीही नको. तुझा हात थरथरायला लागला तेव्हा दात्यांचं काम मी गुपचूप अंगावर घेतलं. कुठे बोललो का? एवढंच म्हणतोय, कुणी विचारलं तर सांग, हा माझा भाऊ आहे.

थोरला : कोण विचारतंय तुला?

धाकटा : त्या गाईडबाईंना काय सांगितलंस माझ्याबद्दल?

थोरला : विषयच निघाला नाही. जा आत, आली बघ कुणीतरी.

(दारातून एक पाहुणी आत येते.)

पाहुणी : नमस्कार काका! अय्या, अगदी फोटोतल्यासारखेच आहात. गाडीत गाईडताईंनी तुमच्या धाकट्या भावाचं सांगितलं. मला तर रडूच आलं.

थोरला : हं... असतं एकेकाचं नशीब.

पाहुणी : भाऊ ऐन तारुण्यात गेला आणि सगळी कला एकट्या तुमच्या खांद्यावर! अख्खी गाडी हळहळली हो.

धाकटा : कोण गेला?

थोरला : मध्ये बोलू नकोस रे. बाई, हा आमचा गडी. लाकूड उचलतो. डोक्यानं जरा कमीच आहे.

पाहुणी : असू दे हो, गरीब दिसतात बिचारे. पण ही फणी! दाते किती नाजूक! तुमचा हात या वयातही काय स्थिर आहे, काका.

थोरला : देवाची कृपा.

पाहुणी : एक फोटो घेऊ? मामा, जरा बाजूला होता का? तुमचा खांदा येतोय मध्ये.

थोरला : सरक की रे.

धाकटा : सरकलो.

पाहुणी : थँक्यू, मामा. तुम्ही इथे बरीच वर्षं असाल ना? मग त्या भावाला पाहिलं असेल तुम्ही.

धाकटा : पाहिलं होतं.

पाहुणी : काकांना विचारवत नाही मला. कशानं गेले हो ते?

धाकटा : भावावर फार जीव होता त्याचा, बाई. तेवढ्यानंच गेला.