डुबकीनंतरचं विमान

अरे, ऐका तर! फिलिपाइन्समधल्या मालापास्कुआ बेटाच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत उभा होतो, पुढे हातात कॉफीचा पेला घेतलेला एक डायव्हिंग गाइड आणि त्याची मोठी बहीण. तिकडे मोठ्या बहिणीला ‘मानांग’ आणि धाकट्या भावाला ‘दोंग’ म्हणतात.

“सकाळी समुद्राच्या तळाशी होतास आणि दुपारी विमानात बसतोस, दोंग?”

“मनिलाला मुलाखत आहे ना, मानांग.”

“पाहुण्यांना तर दरडावतोस, डुबकीनंतर दिवसभर विमान नको, रक्तात बुडबुडे होऊन सांधे दुखतात, अंग बधिर पडतं म्हणून!”

“ते पाहुणे. मी रोजचा गडी.”

“मग खांदा का चोळतोयस?”

“सिलिंडर उचलून दुखतोय.”

“आधी डॉक्टरकडे चल.”

“परत आल्यावर जाऊ. बोट आली बघ.”

“दोंग! अरे, उकळती कॉफी हातावर सांडतेय तुझ्या!”

त्यानं बोटीवरची नजरसुद्धा हलवली नाही.

“कुठल्या हातावर?”